मागच्याला दिसलं पाहिजे

बासष्ट सालची फियाट. रंग निवलेल्या चहाचा.
मागे दोन लाल दिवे, म्हणजे आहेत असं म्हणायचं:
वाळल्या बोराएवढे.
ब्रेक दाबला की गाडी थांबते, इमानाने थांबते.
थांबली, हे फक्त तिला आणि मला कळतं.

मे महिना, वर्धा रोड.
डोक्यावर पूल, पुलावर मेट्रो,
ती सावली जिथे संपते तिथे दुपारी दोनला
सगळंच पांढरं होतं,
त्यात माझी दोन बोरं कुणाला दिसणार?
उमरेडकडचा कोळशाचा ट्रक
डिकीपासून वीतभरावर कचकन थांबला.
ड्रायव्हर उतरला, शिवी ओठांवर आणलेली.
पिकलेले केस पाहून ती गिळली, आणि म्हणाला,
"मावशी, तुमी थांबून रायल्या हे आमाले कसं समजन?
सपन पडन का?"

शिवी दिली असती तर विसरले असते.

मस्कासाथेतला निमजे मिस्त्री
पोत्यावर उताणा होऊन गाडीखाली सरकला.
टेस्टरचा चिमटा इथे लावला, तिथे लावला,
आणि खालूनच निदान सांगितलं:
"तब्येत ठणठणीत हाय, बाई.
फक्त मागून मुकी हाय."

पद्माकर आला तो दारातूनच ओरडत.
माझा भाऊ. गाडी माझ्या वाट्याला आली,
काळजी त्याच्या.
"भोक पाडाल तर याद राखा!
जानेवारीत रॅलीचे परीक्षक वाकून बघतात,
एक स्क्रू नवा दिसला की गुण कापतात.
आणि आबांनी लावला असता का असला जत्रेतला दिवा?"

आबा.

आबा थांबायच्या आधी
उजवा हात खिडकीबाहेर काढायचे, तळवा जमिनीकडे,
आणि हलवायचे वर-खाली, वर-खाली,
झोप न येणाऱ्या पोराला थोपटावं तसा.
मागे एखादा टांगा असायचा, दोन सायकली,
कधी कुणीच नाही.
कुणी नसलं तरी हात बाहेर जायचाच.
कोपरापर्यंत उन्हाने काळा पडलेला,
डावा मात्र गोरा.
आई म्हणायची, दोन वेगळ्या माणसांचे हात आहेत.

"पद्या, तिसरा दिवा या गाडीला पहिल्यापासून होता,"
मी म्हटलं. "तेवढा भाग हरवला."

तो गप्प बसला.
पटलं म्हणून, की लागलं म्हणून, कळलं नाही.
आमच्या घरात दोन्हीचा चेहरा एकच.

निमजेने बंपरच्या जुन्याच बोल्टांत दोन दिवे अडकवले,
मागच्या काचेच्या आत एक लाल पट्टी.
वायर गालिच्याखालून, फ्यूज वेगळा,
म्हाताऱ्या स्विचवर भार नको म्हणून मध्ये रिले.
एकही भोक नाही.
परीक्षक आले की दहा मिनिटांत सगळं निघते,
हे त्याने पद्माकरकडे बघत सांगितलं. दोनदा.

"दाबा, बाई."

दाबला.
आपलेच दिवे आपल्याला कधी दिसत नाहीत,
मागे कुणीतरी उभं असावं लागतं.
मागे पद्माकर होता, हात पाठीशी बांधून.
"लागला का?"
उत्तर नाही.
आरशात त्याचा पांढरा सदरा लाल झाला.
सोडला, पांढरा. दाबला, लाल.
त्याने एक हात पुढे आणला,
मला वाटलं, आता तळवा जमिनीकडे...
पण त्याने नुसता चष्मा काढून पुसला.
"डावीकडचा तिरपा आहे," म्हणाला.

निमजेने तो सरळ केला. साडेतेराशे घेतले.

परतताना कॉटन मार्केटचा सिग्नल.
मागे मोपेडवर एक पोरगा, पायांत टरबूज धरून.
गाडी थांबलेलीच होती.
मी पाय उचलला,
आणि उगाच पुन्हा दाबला.