अर्खिपोइमेन

फायूमच्या उन्हात वीतभर लाकडी पाटी.
नावापुढे सहा अक्षरांची जागा उरलेली.
तायेसिस हटून बसली:
लिहा, अर्खिपोइमेन.

मुख्य मेंढपाळ! मला हसू आलं.
कळप देवळाचा, लोकर सावकाराची,
हिच्या नवऱ्याची फक्त रात्र.

म्हणाली, "बाकीचे मेंढके झोपले
की हा मोजायला उठायचा.
लंगडी दिसली नाही तर
आकडा तोंडात धरून
कालव्यापार जायचा. म्हणून मुख्य."

अक्षरं दाटीवाटीनं बसवली.
तिनं पाटी दोरीत ओवली,
कापडात गुंडाळलेल्या त्या गळ्यात बांधली
घंटा बांधावी तशी.

परवा एका पत्राची नक्कल करताना
तोच शब्द आला,
क्रुसावर मेलेल्या कुणा यहुद्यासाठी.
बोरू थांबला.
मग तेवढा एकच शब्द
ऐसपैस लिहिला.