ळचा खण

मास्तर, तुमचे पुस्तक मी जुळवले.
ठाकुरद्वारच्या छापखान्यात, एरंडेलाच्या दिव्याशी,
शिशाचा एकेक खिळा चिमटीत धरून, उलटा.
‘मोलविचार’. किंमत सहा आणे, प्रती अडीचशे.
मुखपृष्ठावर तुम्ही नीळकंठ काळसेकर होता.
तेराव्या पानापासून नीलकंठ कालसेकर झालात,
कारण ळचा खण रिकामा होता.

तुमचे वाक्य होते, किमतीचे मूळ गरजेत असते.
मी छापले, किमतीचे मूल.
तुम्ही बजावले होते, गाळावर उभी पेढी टिकत नाही.
मी छापले, गालावर.
मालक म्हणाला, वाचणारा समजून घेईल.

वाचणाऱ्यांनी फारच समजून घेतले.

हिरजी मुनीम, सोराबशा, मांडवीचा तो तोतरा चिंतोबा
रात्री काथ्याच्या वखारीत कडी घालून
तुम्हाला वाचू लागले, एकाने वाचायचे, दोघांनी दाराशी कान.
त्यांना वाटले, ग्रंथकार दोन आहेत :
काळसेकर सांगतो, कालसेकर करतो.
‘मूल’ म्हणजे आगबोटीने येणारा कुणी वारस.
‘गाल’ म्हणजे खूण.
आठवड्याभरात कोटातल्या वडाखाली
गालाला बोट लागले की शंभर जण घेत,
बोट खाली आले की विकत.
समुद्र बुजवायच्या कंपनीचे कागद
(समुद्र अजून होता तिथेच, ओला, भरतीला येणारा)
त्या एका बोटावर पाच हजारांपासून पन्नास हजारांवर गेले.

मग अमेरिकेतली लढाई मिटली.
कुलाब्याच्या वखारीत कापूस नुसता पडून राहिला,
उंदरांनी त्यात घरे केली.
चिंतोबा गवालियाच्या तळ्यात सापडला.
बातमी जुळवायला माझ्याकडेच आली.
मी ‘तल्यात’ छापले. कुणी विचारले नाही.

चौकशीला गोरा साहेब आला, दुभाष्या घेऊन.
ही मंडळी तुमची का, म्हणून विचारले.
पंचवीस वर्षे तुम्हाला कुणी वाचले नव्हते, मास्तर.
तुमच्या नवऱ्या मुलीच्या सासऱ्यानेही नाही.
एक शब्द पुरे होता : नाही.
तुम्ही पागोटे नीट केले आणि म्हणालात,
विचाराला मालक नसतो.
दुभाष्याने त्याचे काय केले देवाला ठाऊक,
साहेबाने ‘कबूल’ लिहून घेतले.
मी मागे उभा होतो, ओली मुद्रिते हातात धरून.

ते ळ मी विकले होते.
सव्वा शेर शिसे, भेंडीबाजारात, चढ्या भावाने,
समुद्राचा एक कागद मलाही हवा होता म्हणून.
भंगारवाला तराजू धरून हसला, म्हणाला,
हे अक्षर फारसे लागत नसेल ना.

दर चढतो तो कुणाच्या कळेने, ते पाहा.
असे होते चौदाव्या पानावर, तुमच्या बोरूने, दोनदा अधोरेखित.
मी वाचले. थोडा वेळ थांबलो.
‘कलेने’ बसवले
आणि दिवा मालवला.