आतलं माप

काच मिळाली बंद पडलेल्या बेकरीतली,
खारीच्या कपाटाची. एका कोपऱ्याला टवका.
फळ्या गुळाच्या बाजारातल्या. घासून घासून
पॉलिश पेपर संपला, तरी मुंग्यांना पत्ता सापडतोच.

गुंडूकाका सुतार म्हणाले, माप आतलं घे पोरी,
भायेरचं समदी घेत्यात.

वरच्या खणात ढाली, पितळेचा कप, दांडी मोडलेला.
मधल्यात जर्सी, पाठीवरचा एक निम्मा उडालेला.
हातमोजे दोन्ही डाव्या हाताचे कसे,
हे आबांनाही सांगता येत नाही.

खालचा खण चेंडूचा.
हा जिंकलेला नाही.
टायब्रेकरात, साऱ्या मंगळवार पेठेच्या देखत
आबांच्या डाव्या बगलेखालून गेलेला.
त्याच रात्री कुणीतरी तो उंबऱ्यावर ठेवून गेलं.
आई म्हणते, चिडवायला.
आबा म्हणतात, पोचवायला.

मी माप घेतलं तेव्हा तो
शिळ्या भाकरीसारखा बसलेला.
हवा भरून बघितली असती, तर दार लागलं नसतं.
पंप शेजारून आणलाही होता.
आबा म्हणाले, राहू दे,
हाय तेवढी त्या दिवसाचीच हाय.

बिजागरी करकरते. तेल घालायचं राहिलंय.
आत चाळीसचा बल्ब लावला, चिमणीच्या घरट्याएवढा उजेड.

रात्री पाणी प्यायला उठले
तर आबा कपाटासमोर, बनियनवर,
गुडघे किंचित वाकवून उभे.
भार सगळा डाव्या पायावर.