आठ वाजून चौदा मिनिटं

एकतीस हिवाळे मी या गावाचं पाणी जोखलं.
अक्षरशः. सुपीरिअर सरोवराच्या काठी,
विटांच्या पंपघरात, रात्रपाळीला,
समोर बशीएवढा दाबमापक
आणि त्याची ती काळी, हट्टी सुई.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी, दर वर्षी,
टीव्हीवर ते कार्टून लागायचं.
थव्याबरोबर दक्षिणेला न गेलेलं एक रानबदक
कुणाच्या तरी टपालपेटीत थंडी काढतं
आणि अंडी समजून पत्रं उबवतं.
असं ऐकून होतो.
गाव टीव्हीसमोर बसलं
की कुणीतरी पंपावर असावं लागतं.

तरी मला ते पाठ होतं.
आठ वाजता सुई साठावर,
गोठल्यासारखी. एक नळ सुटत नसे.
आठ चौदाला पहिली जाहिरात,
आणि सुई घसरायची:
छप्पन्न, त्रेपन्न, पन्नास,
चार हजार माणसं एकदम उठलेली,
कुणी संडासाकडे, कुणी कोकोसाठी किटली भरायला,
म्हातारी मिसेस टक्कोला बहुधा दात घासायला.
मी दुसरा पंप चालू करायचो.
तोंडचं पाणी पळतं म्हणतात,
इथे नळातलं पळायचं,
आणि त्या थडथडाटात मला एकट्याला हसू यायचं.

बर्फ असा पडायचा की शेजारचा दिवा दिसू नये.
सुई मात्र सांगायची, सगळे आहेत.

ज्या वर्षी लोखंडाची खाण बंद पडली
त्या वर्षी ती चोपन्नाखाली उतरली नाही.
मी वहीत आकडा लिहिला.
कारणाचा रकाना कोराच ठेवला.

आइली मात्र जाहिरातीत नळाला हात लावत नसे.
पोरांनाही लावू देत नसे.
‘तुझ्यावर एक घर कमी,’ म्हणायची.
तिच्या माहेरी प्रेम असंच बोलत,
आकड्यात, आणि तेही वजा करून.

आता ते कार्टून चॅनेलवर लागत नाही.
महिन्याचे पैसे भरा, ॲप घ्या,
मग जुलैत पाहा, बसमध्ये पाहा, मधूनच पाहा.
पंपघरात हल्ली डेल्फीन नावाची मुलगी असते.
तिला विचारलं, यंदा सुई कुठवर उतरली?
‘कसली सुई?’ म्हणाली, आणि पडदा माझ्याकडे वळवला.
डिसेंबरभर एक रेघ,
पट्टीने आखल्यासारखी.

तक्रार नाही.
माझी सून इस्पितळात रात्रपाळी करते.
सकाळी सहाला घरी येते, बूटसुद्धा न काढता
एमेटच्या पांघरुणात शिरते,
आणि दोघं ते बदक बघतात, फोनवर, डोक्याला डोकं लावून.
माझ्या पोरांनी माझ्याबरोबर
ते एकदाही पाहिलेलं नाही.

परवा एमेटने मला लावून दिलं.
वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, पहिल्यांदा, सलग.
बदक माझ्या कल्पनेपेक्षा जाड निघालं.
आवाज किरटा.
चौदाव्या मिनिटाला ते पेटीतून मान काढतं,
वर बघतं, थवा कुठेच नाही,
आणि पडदा काळा होतो.

अर्धी पापणी लवेल एवढाच.
मग लगेच पुढचं दृश्य.
जाहिरात कापून दोन तुकडे जोडलेत,
पण शिवण उसवून टाकायचं कुणाला सुचलं नाही.
एमेटला दिसलंसुद्धा नाही.

मी उठलो. गुडघा कटकन वाजला.
मोरीत आइलीचा निळा कप तसाच पालथा.
नळ सोडला, पुरता,
आणि हाताखालून पाणी जाऊ दिलं,
तिच्या वाटचं, एकतीस वर्षांचं थकलेलं.
तिकडे पंपघरात एखादा आकडा केसभर हलला असेल.
किंवा नसेल.

‘आजोबा, थांबवून ठेवू का?’ आतून एमेट.

नको, म्हटलं.
ते कधी थांबत नसे.