दुव्यात याद ठेव

कौशाहून निघताना माझी पिकअप रिकामी असते
असं फक्त आरटीओला वाटतं.

मगरिब झाली की मी टायर ठोकून बघतो,
तेवढ्यात गल्ली एकेक करून खाली उतरते.
मैमूना चाची: बुधवारी ऑपरेशन आहे गुडघ्याचं.
डावा. नीट ऐक, डावा.
मागल्या खेपेला तू उजव्याचं मागितलंस बहुतेक.
हाशिम बेकरीवाला, हाताला मैदा:
भट्टीच्या लायसनचं तेवढं.
वरच्या मजल्यावरची इल्मा, दहावीतली,
जिन्यातूनच: अंकल, फक्त भूमिती. बाकीचं मी बघते.
आणि काल तुर्भ्याच्या मार्केटात
मारुती ढेबे टोमॅटोचा क्रेट खांद्यावर घेता घेता:
आमच्या देवाला सांगून झालंय.
तू जरा तुझ्याकडं टाकून बघ.

मुसाफिराची दुवा परत येत नाही म्हणतात,
म्हणून मी.
नमाजी म्हणून नव्हे, ते सगळ्यांना ठाऊक आहे;
जुम्म्यालासुद्धा मी शेवटच्या रांगेत, चपलांच्या शेजारी.

मौलानांना एकदा विचारलं,
माणूस मुसाफिर होतो कुठून?
इरादा लांबचा असेल तर
वस्तीची वेस ओलांडली की, ते म्हणाले.
आता कौसा कुठे संपतं आणि शीळ कुठे लागतं
ते वॉर्ड ऑफिसलाही सांगता येणार नाही.
मी माझी वेस ठरवलीय:
फाट्याच्या अलीकडचा पंक्चरवाला,
रात्रभर ज्याच्या टपरीत एक पिवळा बल्ब जळतो.
तिथे रेडिओ बंद.
हात काही उघडता येत नाहीत, स्टिअरिंग आहे,
दोन्ही अंगठे तेवढे वर करतो.

शाळेत सावंत बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं,
दुवा: साखळीची कडी.
मी उभा राहिलो, बाई, आमच्यात दुवा म्हणजे वेगळं.
बाई म्हणाल्या, वेगळं कसं रे,
आणि बरोबरची खूण करून पुढच्या शब्दाकडे गेल्या.

आज निघताना चहावाल्याने ग्लास देता देता सांगितलं,
मुनाफभाई येऊन गेला.
तो म्हणाला, बोलायचं नाही त्याच्याशी मला,
पण दुव्यात याद ठेव म्हणावं.

मुनाफ, माझा सख्खा भाऊ.
अब्बांची खोली विकली त्याला सहा वर्षं झाली,
तेव्हापासून एकाच रस्त्याच्या
दोन बाजूंनी चालतो आम्ही.
मी विचारलं, कशासाठी?
चहावाला म्हणाला, ते नाही बोलला.

बायपासवर कंटेनर अडकलेत.
पिवळा बल्ब दिसतोय, पोहोचता येत नाही.
अजून वेशीच्या आतच आहे मी, अजून कुणीच नाही.

अब्बा म्हणायचे,
कुणाच्या पाठीमागे त्याच्यासाठी मागितलंस
की एक फरिश्ता तुझ्या डोक्याशी उभा राहतो.
म्हणतो, आमीन, आणि तुलाही तेच.
या हिशोबाने मला आजवर
किती गुडघे मिळाले असतील, किती लायसनं.
यंदा भूमितीत पास.

रांग हलली. बल्ब मागे गेला.
गुडघा, भट्टी, ढेबेचं जे असेल ते,
सगळं भराभर म्हणून टाकलं
आणि मग नाव अडकलं जिभेवर,
क्लच जुना झाला की गिअर अडकतो तसं.
आजारी आहे का तो? कर्ज? पोरीचं काही?
की त्याला माझंच काही बोलायचंय?

शेवटी म्हणालो,
या अल्लाह, मुनाफ जे मागतोय ते त्याला दे.
मला माहीत नाही. तुला असेल.

काच उघडी होती.
मागे रिकामे क्रेट एकमेकांवर आपटत होते.
डोक्याशी कुणी आमीन म्हटलं असेल तर
ते हॉर्नांत ऐकू आलं नाही.
म्हटलंच असेल
तर आता मलाही काहीतरी मिळायचंय,
काय ते मला ठाऊक नाही.

कल्याण फाटा सोडल्यावर आठवलं, डावा.
नुसतं गुडघा म्हणालो होतो मी.
डावा, मैमूना चाचीचा. डावा.