अकरा राखाडी

ब्रोकन बो, नेब्रास्का. माझ्या शेडमध्ये पूर्वी ट्रॅक्टर असायचा,
आता बारा फुटांची लाँगआर्म आहे
आणि जमिनीत मुरलेला डिझेलचा वास,
नोव्हेंबरात हीटर लावला की पुन्हा उठतो.

आर्लिस टेस्के आली, काखोटीला उशीचा अभ्रा,
अभ्र्यात तिच्या भावाने शिवलेला गोधडीचा वरचा पदर.
डेल्मर. अठरा चाकांचा ट्रक, ओमाहा ते सॉल्ट लेक.
रात्री थांब्यांवर, केबिनच्या पिवळ्या दिव्याखाली
हा माणूस तुकड्याला तुकडा जोडतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं.
"आम्हाला वाटायचं, पत्ते खेळत असेल."

भिंतीवर लावायचीय, म्हणाली.
मी नेहमीचं सुरू केलं:
या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच नक्षी, तर चौरस इंचाला दोन सेंट,
चौकोनागणिक वेगळी हवी, तर दर वेगळा, वेळ वेगळा.
पिसं आहेत, गारगोट्या आहेत, वेली आहेत,
गव्हाच्या ओंब्या आहेत, त्या इथे सगळेच घेतात,
नुसत्या सरळ रेघाही आहेत.
नमुन्यांवरून तिने हात फिरवला,
बाजारात गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा,
न घेण्याच्या बेताने.

मग आत काय भरायचं.
कापूस घ्या, सपाट लटकतो, भिंतीला ऊब कशाला?
"लोकर."
लोकर फुगते, महाग पडते, आणि पांघरणार तर कुणी नाही.
"उत्तरेची भिंत आहे. त्याच्या खोलीची."
मी वहीत लोकर लिहिलं.
दांडी घालायला वरच्या कडेला चार इंची नेफा, तोही लिहिला.

सुटे धागे छाटायला पदर उलटा केला
तर टाके सगळे भलत्याच बाजूला कललेले.
डावखुरा होता का?
"शाळेत बांधून ठेवायचे त्याचा हात," एवढंच बोलली,
आणि लगेच, "त्या रेघांचं किती म्हणालात?"

उरला दोरा. रंग इथे ठरवू नका, मी सगळ्यांना सांगते,
ट्यूबलाइट खोटं बोलते.
रिळं घरी न्या, भिंतीपाशी धरा,
सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा.
तिने अकरा राखाडी नेली.

डिसेंबर गेला. जानेवारीत रस्तेच बंद.
पदर माझ्या फळीवर. आठवड्याला एकदा काढायचा,
वेगळ्या रेषेवर घडी घालायची,
नाहीतर घडीची खूण कापडात कायमची बसते.
एका निळ्या डेनिमवर कॉफीचा डाग आहे,
शिवणीवरून ओघळत शेजारच्या तुकड्यात गेलेला,
म्हणजे शिवून झाल्यावरच सांडली असणार.
तो मला तिसऱ्या घडीला दिसला.

मार्चमध्ये फोन.
"सात नंबर."
सात फार फिकट, नक्षी दिसायचीच नाही, मी म्हटलं.
"आय-ऐंशी अस्साच दिसतो. उन्हात, कोरडा असताना.
काल गाडी काढून बघून आले,
रीळ खिडकीबाहेर धरून."

मग सरळ रेघा?
"सरळ. पण ग्रँड आयलंडपाशी
जरासा वळतो तो. तेवढं जमेल?"

वळणाचे वेगळे पडतात, असं तोंडावर आलं होतं.
कुठल्या चौकोनात, एवढंच विचारलं.