मानशीवरचं व्याकरण

सुरुवात ळ पासून झाली.
पेडण्याकडची मराठी शाळा, इयत्ता तिसरी.
बाई म्हणाल्या, ळ नं एकही शब्द सुरू होत नाही.
मागच्या बाकावरून रुझार पुटपुटला, बिचारो.
त्याच संध्याकाळी आगरवाड्याच्या बांधावर
आम्ही त्याला पहिल्या जागी बसवलं.
ळापो : मानस उघडल्यावर पाण्याचा पहिला धक्का.
ळें : चिखल, पण बोटांच्या बेचक्यांतून वर येतो तेवढाच.

मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
रुझारचा बाप ते राखायचा, भातासाठी.
माझे वडील पलीकडे मीठ पिकवायचे.
एकाला खारं पाणी आत हवं, एकाला बाहेर.
ते एकमेकांशी कुठल्याच भाषेत बोलत नसत.

दुसरा आवाज आमसुलाचा.
सोल गालात धरायचं, श्वास आत ओढायचा,
जीभ टाळूला लावून एकदम सोडायची.
त्याला अक्षर नव्हतं, म्हणून वहीत कुर्ली काढायचो.
कुर्लीला काना, कुर्लीला वेलांटी,
मात्रा दिली की ती तिरकी चालू लागे.
चारातला च आणि चाकातला च
बाईंकडे एकाच खोलीत राहायचे.
आम्ही त्यांना वेगळं घर दिलं.

लिंगं तीनच. पण तो, ती, ते नाही.
ओलं. सुकं.
आणि जे आधी पाणी होतं आणि आता उरलंय, ते.
तिसऱ्यात बरेच दिवस मीठ एकटंच होतं.
मग वडिलांचा घामानं कडक झालेला सदरा आला.
मग मार्चमध्ये रुझारची आई गेली.
तिला कुठं घालायचं, यावर दुपारभर
आम्ही एक शब्द बोललो नाही.
शेवटी त्यानंच लिहिलं, मिठाच्या खाली.

आम्ही हा शब्द ठेवलाच नाही.
समोरच्याला उंबऱ्याबाहेर उभं करणारं सर्वनाम
कशाला हवं? आपण पुरे.
मी सुद्धा नव्हता.
मला भूक लागली म्हणायचं
तर आपल्याला भूक लागली म्हणावं लागे,
आणि खरंच, दोघांनाही लागायची.

क्रियापदाला काळ नव्हता, पाणी होतं:
चढतं रूप, उतरतं रूप.
भविष्यकाळ करायचा राहून गेला.
वहीत त्याच्यासाठी दोन पानं कोरी सोडली होती.

एकोणिसाव्या वर्षी रुझार तारवटी झाला.
मी म्हापशाला एकतीस वर्षं
कर्तरी, कर्मणी, भावे शिकवलं.
ती भाषा एकटीला बोलता येत नाही.
आपण म्हटलं की मागे वळून बघावं लागतं.

यंदा नाताळानंतर आला. पोट सुटलेलं, कवळी.
मिठागरं अर्धी ओस, मानस आता सिमेंटची.
बांधावर बसून त्यानं पहिलंच वाक्य म्हटलं
आणि मीठ ओल्यात घातलं.
माझा हात पिशवीतल्या लाल पेनाकडे गेला,
मग थांबला.
दोन माणसांच्या भाषेत एकानं चूक केली
तर ती चूक नसते,
निम्म्या लोकांची बोली असते.

मग म्हणतो, जहाजावर रात्रपाळीत
मी भविष्यकाळ केला.
बोलून दाखव, म्हटलं.
त्यानं सोल नसताना श्वास आत ओढला,
कवळी खटकली,
आणि आमच्या वर्णमालेत नसलेला
एक आवाज निघाला.

म्हणजे काय?
मराठीत नाही सांगता येत, म्हणाला.
मग कोंकणीत सांग.
तिथंही नाही.

वही काढली. ती दोन पानं
कडेनं वाळवीनं खाल्ली होती, मध्ये कोरी होती.
पेन तेवढं लालच होतं.
परत म्हण, म्हटलं. सावकाश.